धुरपदा आत्याचा गळा

सकाळी साडेआठला खराडीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमननं माऊलीला एक साधा प्रश्न विचारला आणि त्याची सकाळ नासली. वॉचमन बिहारकडचा, नवा होता. अकराव्या मजल्यावरचा हा दाढीवाला माणूस म्हणजे मोबाईलमधल्या त्या गाण्याचा गायक, हे त्याला कालच कुणीतरी सांगितलं असावं. काच खाली करायची खूण करून तो अदबीनं म्हणाला, "सर, उस गाने में बीच में वो औरत चिल्लाती है ना, वो बोलती क्या है?" माऊली म्हणाला, "टिफिन रह गया, ऐसा बोलती है." "बस?" "बस." वॉचमन खूश झाला. "मेरी मिसेस रोज लगाती है सर, डिब्बा भरते टाइम. छोटी बेटी नाचती है उस पर." माऊली हसला. चाहत्यांसमोर हसायचं त्याच्या आता अंगवळणी पडलं होतं, तोंड आपोआप तसं व्हायचं. पण काच वर गेल्यावर तो गाडी सुरू न करता तसाच बसून राहिला. चिल्लाती है. तीन वर्षांत किती मुलाखती झाल्या, किती जणांनी विचारलं की तो आवाज कुणाचा, आणि त्यानं दरवेळी एकच उत्तर दिलं, आमच्या भागातला एक पारंपरिक आवाज आहे. पारंपरिक हा शब्द मोठा सोयीचा, घोंगडीसारखा. खाली काहीही झाकता येतं. आणि या माणसानं, ज्याला मराठी धड कळत नव्हतं, त्या आवाजाला त्याचं खरं नाव देऊन टाकलं होतं. बाई ओरडते. का ओरडते, एवढंच त्याला विचारायचं होतं. दहा वाजता रिहर्सल होती, शनिवारी मुंबईत कार्यक्रम होता, आणि माऊली स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या खांबावरचा पार्किंगचा नंबर पुन्हा पुन्हा वाचत होता.

तेवढ्यात फोन वाजला. हृतिकचा, धाकट्या भावाचा. तो गावाकडं वडिलांबरोबर फुलशेती करायचा आणि सकाळच्या कामाच्या घाईत कधी फोन करत नसे. "दादा," तो म्हणाला, "आबा गेलं." "कवा?" माऊलीनं विचारलं. हा शब्द पुण्यात महिनोन् महिने त्याच्या तोंडी येत नसे, तो आज न बोलावता आला. "घंटाभर झाला. शेवंतीला पानी देत व्हते. बांधावर टेकले ते टेकलेच. शिरूरला दवाखान्यात न्हेस्तोवर समदं आटपलं व्हतं." खरं सांगायचं तर वडील गेल्याचं माऊलीला आधी कळलंच नाही. आधी कळलं ते हे, की 'गेलं' म्हणताना हृतिकचा आवाज वरून खाली घसरला आणि घसरता घसरता मध्येच चिरला, आणि ते चिरणं फार सुंदर होतं. मग दुसऱ्या क्षणी कळलं, की आपला बाप मेला. कान पुढं आणि काळीज मागं, हा त्याचा जुना रोग. त्याला स्वतःची किळस आली. मग तीही ओसरली आणि तो वाघोलीच्या गर्दीत शिरला.

वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमाचा पूल, सणसवाडी. या रस्त्यानं तो कॉलेजात असताना पुण्याला यायचा तेव्हा एसटीत मांडीवर गिटार असायची आणि कंडक्टर तिचं अर्धं तिकीट मागायचा. बॅण्ड निघाला तो शिरूरच्या कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. शिरूरचं जुनं नाव घोडनदी, तेच बॅण्डला ठेवलं. तिघं होते. माऊली गायचा आणि गिटार वाजवायचा. विक्रम बेस वाजवायचा. तो बागायतदाराचा पोरगा, सगळ्यांत आधी अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याकडं आला, म्हणून त्याला घेतलं, वाजवायला तो नंतर शिकला. आणि ड्रमला महेंद्र, दौंडचा, रेल्वेतल्या फिटरचा मुलगा. रेल्वेच्या हॉलमध्ये साहेबलोकांच्या काळापासून पडलेल्या फुटक्या ड्रमवर तो पोरवयापासून हात चालवत आलेला. तो न्हावऱ्यावरून एसटीनं यायचा, एक ड्रम मांडीवर आणि एक पायात घेऊन. सराव करायचे माऊलीच्या वस्तीवर, कांद्याच्या रिकाम्या चाळीत. चाळीला भिंती नसतात, फळ्या असतात, त्यामुळं आवाज सगळ्या शिवारात जायचा, आणि शेजारचे लोक म्हणायचे, सोपानरावाच्या पोराला कुनी करनी केली का बगा. सोपानराव म्हणजे माऊलीचे आबा. संध्याकाळी फुलांच्या क्रेट भरून झाल्या की चाळीच्या दाराशी उकिडवे बसायचे, ऐकायचे, आणि मध्येच उठून जायचे. आवडलं का नाही, हे माऊलीनं कधी विचारलं नाही. पहिल्या गॅदरिंगला पोरांनी 'खाली उतरा, नाचायचं लावा' म्हणून ओरडा केला होता, महेंद्रच्या कपाळाला केळ्याचं साल लागलं होतं. तरी त्या दिवशी ते तिघं घोड नदीच्या पुलाच्या कठड्यावर बसून हसले होते, आणि इतके सुखी ते पुढं कधीच झाले नाहीत. हे आठवून माऊलीला आता, शिक्रापूरच्या चौकात, पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं. बापासाठी नव्हे, त्या कठड्यासाठी. त्याचीही त्याला लाज वाटली.

शिक्रापूरला तो तळेगाव ढमढेऱ्याकडं वळला. इथून पुढं रस्त्याला कंपन्यांच्या बसेस कमी आणि उसाच्या ट्रॉल्या जास्त. अक्षदा आठवणं आता टाळता येणार नव्हतं, कारण ज्या अंगणात वडिलांना ठेवलं असेल त्याच अंगणात सहा वर्षांपूर्वी तिला ठेवलं होतं. अक्षदा त्याची आतेबहीण, धुरपदा आत्याची एकुलती एक पोर. वय एकवीस. रांजणगावला एका कंपनीत लागली, आणि आत्याचं घर पडलं भीमेपलीकडं दौंडच्या अंगाला, तिथून येणं-जाणं जमेना, म्हणून मामाकडं, म्हणजे इथं वस्तीवर राहायची. त्या दिवाळीत आत्या माहेरपणाला आली होती. सात महिन्यांनी पोरगी समोर दिसली, तर तिचा डबा आज आपण करायचा म्हणून पहाटे उठली, मेथीची भाजी केली, चपात्या केल्या, डबा भरून ओसरीच्या ओट्यावर ठेवला. अक्षदाला उठायला उशीर झाला, कंपनीची बस चुकली, ती तशीच केस बांधत स्कूटीवर निघाली. डबा ओट्यावर राहिला. कारेगावच्या पुढं ट्रकनं मागून उडवलं. दुपारी तिला आणली तेव्हा आत्या एक शब्द बोलली नाही, डोळ्यांना पाणी नाही, नुसती बघत बसली. बायका घाबरल्या, म्हणाल्या हिला रडवा, न्हाई तर ही पन जाईल. आणि मग तिची नजर ओट्यावर गेली, आणि तिनं हेल काढला.

आमच्या भागात बायका मयताला शब्द घालून रडतात. गेलेल्याचे गुण, त्याच्या सवयी, त्याचं खाणं, सगळं त्या रडण्यात येतं, आणि ज्या बाईला ते येतं तिला दहा गावांत मान असतो. धुरपदा आत्याचा गळा असा होता की हळदीलाही तीच लागायची आणि मयतालाही तीच. 'डबा राहिला गं माझे बाई, डबा राहिला वट्यावरी. कोन म्हनंल गं खारट झाली, कोन म्हनंल वाढ अजून.' एवढंच नव्हतं, पाऊण तास चाललं होतं. अंगणातले पुरुष भिंतीकडं तोंड करून उभे होते. आणि माऊली गोठ्याच्या खांबाशी बसून फोनवर ते रेकॉर्ड करत होता. त्या वर्षी तो सगळंच रेकॉर्ड करायचा, पिठाची गिरणी, उसाचा चरक, एसटीचं दार. हे त्यानं ठरवून केलं नाही, बोट आपोआप गेलं. आपण बहिणीसाठी रडत होतो, असं तो स्वतःला पुढं पुष्कळदा सांगत आला, आणि ते खोटं नव्हतं. पण रडत असतानाच त्याच्या लक्षात आलं होतं, की 'राहिला'वर आत्या जो सूर लावते तो दरवेळी केसभर खाली लागतो, आणि म्हणूनच तो ऐकणाऱ्याला सोडत नाही. आबांनी तेवढ्यात वळून पाहिलं. "ठिव ते," एवढंच म्हणाले. माऊलीनं फोन शर्टाच्या खिशात ठेवला. बंद मात्र केला नाही.

दोन वर्षं ते रेकॉर्डिंग त्यानं कुणाला ऐकवलं नाही. तोवर 'घोडनदी' पुण्यात वाजायला लागली होती, कॉलेजांच्या स्पर्धा, मग कोरेगाव पार्कातले बार, जिथं लोक जेवता जेवता ऐकतात आणि वेटरला हाक मारतात. चांगले आहात पण तुमचं म्हणून काय आहे, असं कुणीतरी प्रत्येक ठिकाणी म्हणायचं. मग एके दिवशी माऊलीनं कंपनीत पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या पोरीवर गाणं लिहिलं, 'फस्ट शिफ्ट' नावाचं, आणि मध्ये तो आवाज टाकला. ऐकून विक्रम म्हणाला, हे तर खतरनाक हाय. महेंद्रनं मात्र विचारलं, "आत्याला इचारलंस का?" माऊली म्हणाला, "इचारतो." आणि त्यानं विचारलं, हे कुणी नाही म्हणू शकणार नाही. फोन लावला, म्हणाला, आत्या, तुझा आवाज गाण्यात घ्यायचाय, माझ्याकडं रेकॉर्ड केलेला हाय तो. आत्याला आनंद झाला. "ताईच्या हळदीतला व्हय रं? घे की. तुला न्हाई म्हनती का मी." ताई म्हणजे माऊलीची थोरली बहीण, तिच्या हळदीत आत्यानं रात्र जागवली होती, तेही रेकॉर्डिंग त्याच्याकडं होतं. माऊलीला तिथं एक वाक्य बोलायचं होतं. ते फार लांबही नव्हतं. तो म्हणाला, "हां." मग तिनं मेथी लावल्याचं सांगितलं, पावसाचं विचारलं, आणि फोन ठेवला. त्या 'हां'वर पुढं सगळं उभं राहिलं. गाणं वर्षभर कुणी ऐकलं नाही. मग मुंबईच्या कुठल्याशा बाईनं नवऱ्याचा डबा भरतानाचा व्हिडिओ टाकून खाली ते लावलं, आणि बघता बघता अख्खा देश डबे भरायला लागला. सिनेमात गेलं, मोठ्या कंपनीनं करार केला, मोठी स्टेजं आली, अकरावा मजला आला. लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि डोक्यावर बसलेल्या माणसाला खाली काय तुडवलं जातंय ते दिसत नाही.

आत्यानं ते पहिल्यांदा ऐकलं लग्नात. दौंडला, तिच्याच भावकीत, हळदीत. तिला गायला बोलावलं होतं, ती पदर खोचून पुढं बसली होती, आणि डीजेवाल्यानं ते लावलं. पोरं-पोरी हात वर करून नाचायला लागल्या. आत्याला म्हणे पहिल्यांदा वाटलं, की बाहेर कुणीतरी गेलं, आणि ती उठून दाराकडं धावली. दारात गेल्यावर आवाज ओळखला. हे माऊलीला आईनं सांगितलं, फोनवर, अगदी कोरड्या आवाजात. त्या दिवसापासून धुरपदा आत्या हळदीला जात नाही. मयताला जाते, पण तोंडाला पदर लावून मागं बसते. गाणं मात्र शेजारच्या घरांतून रोज तिच्या ओट्यावर ऐकू येतं. माहेराला ती तीन वर्षांत आली नाही. आणि माऊलीनं काय केलं, तर काही केलं नाही. जाऊन पाया पडावं असं दर महिन्याला ठरवलं. गाणं मागं घ्यावं असंही एकदा वाटलं, पण तोवर ते त्याच्या हातात कुठं होतं. आबांनी एकदाच विषय काढला, तोही अर्धा. "मोबाईलवर ऐकलं," ते म्हणाले, आभाळाकडं बघितलं, आणि मग म्हणाले, "पानी बरं हाय यंदा."

वस्तीवर तो पोचला तेव्हा साडेदहा होत आले होते. अंगण माणसांनी भरलं होतं आणि आबांना ओसरीसमोर, तुळशीजवळ ठेवलं होतं. त्यांचे पाय चादरीबाहेर राहिले होते, टाचांच्या भेगांत सकाळचा चिखल तसाच. माऊली पायांशी बसला. आई, सिंधूबाई, भिंतीला टेकली होती, तिला ताईनं आणि आणखी एका बाईनं धरलं होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि तिच्या नजरेत दुःखापेक्षा काळजी जास्त होती. "वन्सं आल्याबिगर उचलायचं न्हाई," ती म्हणाली. बहीण जिवंत असताना भावाला तिच्याशिवाय नेत नाहीत, हे कुणी माऊलीला सांगायची गरज नव्हती. हृतिक त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला. नुसतं कळलं म्हनली. येती का न्हाई काय बोलली न्हाई." मग आई पुन्हा म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तूच जा माऊली. तू मोडलंस, तूच जोडून आन." कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही, आणि न पाहणं सगळ्यांनी इतकं एकदम केलं की त्याला पळावंसं वाटलं. एवढी बायामाणसं होती, पण अंगण गप्प होतं. हुंदके होते, नाकं ओढल्याचे आवाज होते, शब्द कुणी घालत नव्हतं. गावातल्या बायका आता शब्द घालत नाहीत. का घालत नाहीत, हे त्याला त्या अंगणात उभं राहिल्यावर कळलं. सगळ्याजणी आपल्या घरच्या पोरांच्या हातांतल्या मोबाईलकडं बघत होत्या.

न्हावऱ्यातून पुढं भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. माऊली गाडी हाकत होता आणि आत्याला काय म्हणायचं त्याची जुळवाजुळव करत होता. शब्द जुळवण्यावर त्याचं पोट होतं, पण आज एकही वाक्य उभं राहीना. आत्याचं घर रेल्वेलाईनीला लागून. ती ओट्यावर बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन, शेजारी पिशवी. "निघालेच व्हते," ती म्हणाली, "एश्टी गेली. मंग बसले." तीन वर्षांत ती खूप वाळली होती, मनगटं काडीसारखी. माऊली पाया पडायला वाकला, तर तिनं पाय मागं घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही. "आत्या, तू आल्याबिगर उचलत न्हाईत," तो म्हणाला. "ठाव हाय. रीत नको शिकवू मला," ती म्हणाली, आणि जाऊन गाडीत मागं बसली.

भीमेचा पूल आला. तशी ती बोलायला लागली, खिडकीबाहेर बघत, जसं काही गाडीत तिसरंच कुणी होतं. "तुझा बाप दर म्हयन्याला यायचा. गाडीवर यायचा. वट्यावर बसायचा, च्या प्यायचा, जायचा. तुझं नाव न्हाई काढायचा." माऊलीला हे ठाऊक नव्हतं. चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं, बासष्ट वर्षांच्या माणसानं, मोटरसायकलवर, आणि घरी कुणाला पत्ता नाही. "थट्टा करायचा," आत्या म्हणाली, "म्हनायचा, धुरपे, म्या मेल्यावर तरी रडशील का. म्या म्हनायची, आधी मर तर खरं, मंग बगू." ती थोडी हसली, आणि ते हसू तसंच तोंडावर राहून गेलं. "आवंदा भाऊबीजेला पन म्हनला. म्हनला, तुझ्या तोंडचं ऐकल्याबिगर मला जाववनार न्हाई. म्या म्हनलं, लई आलास मोठा." माऊलीनं गाडीचा वेग कमी केला. आबांना काय हवं होतं, हे त्याला पहिल्यांदा स्पष्ट कळलं, आणि ते इतकं थोडं होतं. पैसा नको, अकरावा मजला नको, पोराचं नाव नको. बहिणीनं आपल्यासाठी चार शब्द घालून रडावं, एवढ्यासाठी तो माणूस तीन वर्षं ओट्यावर चहा पीत बसला होता.

"आत्या, माझं चुकलं," माऊली म्हणाला. आत्यानं पहिल्यांदा समोर बघितलं, आरशातून, त्याच्या डोळ्यांत. "चुकलं कसं? तू इचारलं व्हतंस मला." "व्हय, पन..." "म्या हळदीचं म्हनले. तू हां म्हनलास." "व्हय." "मंग चुकलं न्हाई ते, माऊली. ते केलंस." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण ती दुकानातला हिशेब दुरुस्त करावा तसं बोलली होती. न्हावरं जवळ आलं तेव्हा त्यानं विचारलंच, विचारू नये हे कळत असताना विचारलं, "आज रडशील न्हवं आत्या?" तिनं गळ्याला हात लावला. "आलंय," ती म्हणाली, "सकाळपासनं हितं येऊन बसलंय. कळलं तवाच यायचं व्हतं, म्या दाबून धरलंय. त्याच्या म्होरंच सोडायचं." माऊलीला एवढा हलकेपणा आला की त्याला खिडकी उघडावी लागली. आपल्याला माफी मिळालेली नाही, मिळणारही नाही, पण बापाचं मागणं पुरं होईल. तेवढं झालं तर बाकी सगळं आपण जन्मभर वाहू, असं तो मनाशी म्हणाला, आणि तेव्हा तरी ते त्यानं मनापासून म्हटलं.

आत्या गाडीतून उतरली तशा अंगणातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. महेंद्र तोवर पुण्याहून आला होता, गोठ्याजवळ मान खाली घालून उभा होता. आत्या कुणाच्या गळ्यात पडली नाही. सरळ भावाच्या डोक्याशी जाऊन बसली, पदरानं त्याचं कपाळ पुसलं, कानाशी लागलेलं शेवंतीचं पान काढून टाकलं. मग तिनं श्वास घेतला, आणि माऊलीनं तो श्वास ऐकला. "च्या कुनाला ठिवू रं माझ्या बंधवा, च्या कुनाला ठिवू." अंगण हललं. आईनं हंबरडा फोडला, हृतिक तोंडावर हात घेऊन खाली बसला, आणि माऊलीला इतकी वर्षं न आलेलं रडू आलं, नुसतं रडू, त्याच्या आगंमागं काही नसलेलं. तो आवाज जिवंत होता. वाळलेल्या त्या बाईच्या आत तो होता तसाच होता, त्याला कुणाचा हात लागला नव्हता. आबा, ऐका, असं माऊली मनात म्हणाला. आत्यानं दुसरी ओळ घातली, "वाट कुनाची बगू रं दारात, गाडी कुनाची वाजंल," आणि ती थांबली.

श्वास घ्यायला बाई थांबते तशी ती थांबली नव्हती. तोंड तसंच उघडं, हात भावाच्या छातीवर. 'फस्ट शिफ्ट'मध्ये आत्याच्या दुसऱ्या ओळीनंतर महेंद्रनं चार मात्रा रिकाम्या सोडल्या होत्या, आणि त्यानंतर ड्रम एकदम कोसळायचे. गाण्यातली सगळ्यांत गाजलेली जागा तीच. मोठ्या मैदानात हजारो माणसं तिथं हात वर करून मोठमोठ्यानं मोजायची. आता, बापाच्या मढ्यासमोर, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, माऊलीनं मोजलं. त्याला मोजायचं नव्हतं. एक, दोन, तीन, चार, आणि बरोबर पुढच्या मात्रेवर आत्या पुन्हा सुरू झाली. गोठ्याजवळ महेंद्रनं मान वर केली. बायकांना काही समजलं नव्हतं, त्या डोळे पुसत होत्या. आत्यानं आणखी दोन ओळी घातल्या आणि पुन्हा तिथंच थांबली, तेवढीच. आता तिलाही ऐकू आलं होतं. तिनं डोकं झटकलं, माशी उडवावी तसं. जमिनीवर तळहात आपटून दुसराच सूर लावून पाहिला, घाईनं, श्वास न घेता, पण दुसरी ओळ संपली आणि गळा आपोआप वाट बघत राहिला, कुणीतरी वाजवायची. मग तिनं तोंड मिटलं.

तिनं माऊलीकडं पाहिलं नाही. भिंतीशी बसलेल्या भावजयीकडं वळून, लहान पोरीनं कबुली द्यावी तशा आवाजात ती म्हणाली, "सिंधू, न्हाई गं येत. मदी ते वाजतंय." सिंधूबाईला कळलं नाही, तिनं विचारलं, काय वाजतंय वन्सं. आत्या भावाच्या केसांवरून हात फिरवत राहिली. बायका थोडा वेळ वाट बघत बसल्या. ऊन डोक्यावर आलं तसं पुरुषांपैकी कुणीतरी, आता उचला, असं म्हणालं, आणि सोपानरावांना तसंच नेलं.